मधला फोटो

नाय नाय, तो मधला काढ. कुठला काय विचारतोस, मधला म्हणजे मधला — मांडी थोपटत उभा हाय तो, ऋत्विक. गेल्या वर्षी मीच तुला सांगितलं होतं ना, विनीत, एवढा मोठा कर की तिठ्यावरून जाणाऱ्या एसटीतल्या माणसाला दिसला पाहिजे? आता मीच सांगतोय, काढ. काल मंडळाची मिटिंग झाली, सगळ्यांनी हात वर केले, अध्यक्षाचा पण हात वर होता, अध्यक्ष म्हणजे मीच. या वर्षी आमच्या वाडीच्या कबड्डी स्पर्धेच्या बॅनरवर ऋत्विक नाय. ठरलं. तू माऊस घे हातात नि कर तुझं काम, बॅनर घेऊनच जायचंय मला, परवा मैदानाची पूजा हाय. आणि वरच्या गोल फोटोंना हात लावू नको. ते गेलेले हायत, 'प्रेरणास्थान' लिहिलंय ना खाली, ते गेल्या वर्षीच्या फाइलीत होते तसेच राहूदेत. हां, तिघे पण.

तू शनिवारची लीगमधली त्याची मॅच बघितलीस काय, टीव्हीवर? नाय बघितलीस, बरं झालं, सुटलास. आम्ही बघितली, अख्ख्या वाडीने बघितली, शाळेच्या पडवीत पडदा लावून. एका गुणानं मागे, समोर तिघेच उरलेले, शेवटची चढाई. एक गडी बाद केला असतान तरी बरोबरी होती. कोणाला पाठवला? यालाच पाठवणार, एवढं नाव बघून संघात घेतलाय त्याला. हा गेला. मध्यरेषा ओलांडलीन, दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे — हात लांबवत नाय, पाय टाकत नाय — आमच्या बायका हळदीकुंकवाला यापेक्षा जोरात जातात. आणि त्या डाव्या कोपऱ्यातल्या पोरानं याचा घोटा धरलान. एकट्यानं. झालं, बसला खाली. अरे, हाच ऋत्विक तीन-तीन गडी अंगावर घेऊन मध्यरेषेपर्यंत सरपटत यायचा, छातीची सालटं निघायची पण हात रेषेला लागायचा म्हणजे लागायचा. आणि आता एक माणूस पाय धरतो नि हा खाली बसतो, पंगतीला बसल्यासारखा.

एकदा झालं असतं तर मी बोललो नसतो. खेळ हाय, पकड होते, कोणाची होत नाय? पण दोन मोसम? दोन मोसम हेच चाललंय. पहिल्या वर्षी आम्ही बोललो, होतं असं, वाईट दिवस असतात माणसाचे. फोटो पण तसाच ठेवला मध्ये, ठेवला की नाय? मग बोललो, कायतरी दुखापत असेल, लपवत असेल. मग आमचा केरू बोलला, मातीतला खेळाडू तो, मॅटवर पाय घसरत असेल — नाचता येईना अंगण वाकडं. मॅटवरच नाव काढलंन ना त्याने? तेव्हा नाय घसरला तो? तोच केरू, शनिवारी मॅच संपल्यावर खुर्ची फेकलीन त्याने, मंडळाची खुर्ची, पाय मोडला तिचा. बायका उठून गेल्या. ग्रुपवर काय काय लिहिलंय ते तुला वाचून दाखवलं तर तुझं हे मशीन बंद पडेल. 'रिकामी चढाई' नाव पाडलंय त्याचं, पोरं आट्यापाट्या खेळताना पण एकमेकाला त्या नावानं चिडवतात. आणि मघाशी बाजारात गेलो तर तुळसा — मासे विकते ती, तिला कबड्डीतलं काय कळतं — ती पण विचारते, काय भागोजी, तुमचा हिरो झोपला म्हणे मॅटवर. बांगडे न घेता आलो.

हां, निघाला? दाखव. — हे काय, एवढं भगदाड? माझ्या लक्षातच आलं नाय, केवढी जागा खात होता तो. कायतरी टाक तिथे. चषक नको, तुझा हा चषक देवळाच्या कळसाएवढा, आमचा वीतभर हाय, बाहेरचे संघ आले की हसतील. पुढाऱ्याचा? अजिबात नको. त्याचा मध्ये घेतला की दुसऱ्याचा कुठे घेऊ? दोघांना एका मापाचे फोटो लागतात, त्यांची माणसं बॅनरखाली उभी राहून वितीनं मोजतात, आमच्याकडे त्यावरून भांडणं झालीयत. माझा? अध्यक्ष म्हणून? मेल्या, मी काय लग्नाला उभा हाय? राहूदे, राहूदे तसंच. वायच थांब, विचार करूदे मला.

काय बोललास? — कोणाला मस्ती आली? ऋत्विकला? तुला कोणी सांगितलं? उचलली जीभ लावली टाळ्याला. ओळखतोस तू त्याला? फोटो चिकटवलास त्याचा, तेवढीच ओळख ना तुझी? गेल्या शिमग्याला आला होता तो, आमची पालखी नाचवलीन त्याने, अनवाणी, कातळावरून — संघाच्या डॉक्टरनं नको म्हणून सांगितलेलं असताना. अजून आवशीला पाणी भरून देतो घरी आला की. मस्ती नाय त्याच्यात. मस्ती असती तर खेळला असता. ती होती तेव्हा खेळायचा, समोरच्याला खिजवून यायचा, तीच राहिली नाय, तेच तर कधीपासून सांगतोय मी तुला. मी शिव्या घालीन त्याला, वाडी घालील, आम्ही वाढवलाय त्याला. तू नको घालू. तुझं काम तू कर.

आता ऐक, सांगतो तुला तो काय होता. भात कापून झालं की आमच्या कुणग्यात मैदान करायचो — ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, मग चुन्याच्या रेषा. डाव्या कोपऱ्यात ओमकार नि समोरून हा. रोज. कॉलेजातनं आले की पिशव्या बांधावर टाकायचे नि सुरू. ओमकारची घोट्याची पकड — तालुक्यात कोणी सुटला नाय तिच्यातनं. धरलान की धरलान. हा एकटा सुटायचा. कसा? तर मागे बघायचंच नाय. ते मी शिकवलेलं त्याला. पाय धरला की पाय विसरायचा, गेला तो समज, पुढची रेषा बघायची नि अंग झोकून द्यायचं. आणि हा द्यायचा झोकून, नि ओमकार पाय न सोडता मागनं फरफटत यायचा, मग दोघे रेषेवर पडून हसायचे, तोंडात माती. मी शिट्टी मारायचो, उठा रे, उठा. उठायचे नायत.

आणि आता टीव्हीवर काय करतो माहीत हाय? शनिवारी नीट बघितलं मी, त्यांनी हळू करून परत परत दाखवलं. पाय धरला की हा मागे वळून बघतो. रेषा हातभर लांब, हात टाकलान असतान तर पोचला असता, पण नाय — मान वळवून बघतो, कोणी धरलाय ते. मला सांग, चढाई करणारा मागे बघतो काय? प्रत्येक वेळी तेच, डाव्या कोपऱ्यातनं पकड झाली की तेच. काय हाय मागे? कोण हाय मागे बघायला?

पंखा वायच मोठा कर.

ओमकार म्हणजे माझा मुलगा. वर तिसरा गोल हाय ना, तोच. तू लावलास फोटो, पण तुला काय ठाऊक, तुझ्याकडे रोज असे किती गोल येत असतील. दोन वर्षं झाली. ऋत्विक मोसमाला चालला होता, त्याला स्टेशनवर सोडायला गेला मोटरसायकलवरनं. नेहमी तोच सोडायचा. सोडलान, गाडी सुटेपर्यंत थांबलान, नि परत येताना वळणावर मोटरसायकल घसरली. जाग्यावरच. हा पनवेलपर्यंत पोचला तेव्हा याला कळलं, तिथनं मागे फिरला. लोक बोलतात, तेव्हापासनं गेला याचा खेळ. बोलूदेत. काय संबंध? मुलगा माझा गेला. माझा. मी तेराव्यानंतर मैदानात उतरलो की नाय? चुना मी मारला की नाय? डाव्या कोपऱ्यात दुसरा पोरगा उभा केला, त्याला तीच पकड शिकवली, याच हातांनी घोटा धरून दाखवला त्याला. मी उभा राहतो, आणि याला काय झालं उभं राहायला? सव्वीस वर्षांचा घोडा. अरे, तो सुटायला शिकला तो ओमकारच्या हातातनं सुटायला शिकला. हा अजून तसाच सुटून आला असता तर मला वाटलं असतं, मागे कुणग्यात ओमकार पण असेल, मातीत पडलेला, हसत. दुसरं काय राहिलंय माझ्याकडे त्या पोराचं बघण्यासारखं? ते पण घालवलंन याने. मग राग नाय येणार?

आणि मी त्याला काय बोललो? एका शब्दानं नाय. वाडीत जाऊन कोणालापण विचार. दहाव्याला आला, माझ्यासमोर येऊन बसला, मान खाली, किती वेळ तरी बसला — मी काय बोललो नाय. शिमग्याला आला, पाया पडायला वाकला, मी पाय मागे घेतले नि आत गेलो, पण बोललो नाय. प्रत्येक मॅचनंतर फोन करतो. हरून वर फोन कशाला करायचा? मी उचलतच नाय. दुसरा कोणी बापूस असता तर काय काय ऐकवलं असतं त्याला, कोणामुळे गेला नि कशामुळे गेला. मी नाय. मी एक अक्षर नाय काढलं तोंडातनं.

असा काय बघतोस माझ्याकडे? समोर बघ, पडद्यावर.

आणि काल मिटिंगला गोदा होती, ऋत्विकची आवस. स्पर्धेचं जेवण दरवर्षी तीच बघते. हात वर झाले तेव्हा तिने हात वर केलान नाय, तांदूळ निवडायचे राहिलेत म्हणून उठून गेली. आता ती रोज तिठ्यावर एसटीला उभी राहणार, बॅनर डोक्यावर, आणि बॅनरवर मुलगा नाय. ते बरं दिसत नाय. मी काल हात वर केला खरा, पण ते बरं दिसत नाय. एक काम कर. पूर्ण नको काढू त्याला. आण परत. लहान कर. अजून लहान. खाली शुभेच्छुकांच्या गर्दीत नको, तिथे तोंडंच दिसत नायत कोणाची — वर ने. वर जागा हाय ना, गोलांच्या ओळीत, तिसऱ्याच्या शेजारी? तिथे बसव. आणि रंग काढ त्याचा. हो, काळापांढरा. कशाला हवाय रंग? खेळ संपला त्याचा, जुना झाला, जुन्या माणसांत बसूदे. गोल पण कर, बाकीच्यांसारखा, नायतर एकटाच वेगळा दिसेल. अरे कर, मला शिकवू नको, मी सांगतोय तसं कर.

झालं? दाखव. वायच इकडे वळव, ट्यूब चमकते चष्म्यात.

विनीत.

काढ त्याला तिथनं. नाय, आधी काढ, मग बोल. मीच सांगितलं ते मला माहीत हाय. काढ. ओमकारच्या बाजूनं काढ त्याला, तिथे दोघे नकोत मला. एक गेला तेवढा पुरे. रंग घाल त्याचा परत, सगळा घाल, ती जर्सी लाल होती, लाल दिसली पाहिजे. कुठे ठेवू काय विचारतोस? जिवंत माणसाला कुठे ठेवतात? मध्ये ठेव. होता तेवढाच ठेव. मंडळाचं मी बघतो, केरूचं पण मी बघतो, आधी खुर्ची भरून दे म्हणावं.

हां. असाच.

आता छापायला लाव नि तू जा बाहेर. चहा पिऊन ये. दुकान तुझं हाय, माहीत हाय मला, पळवून नाय नेत मी. त्याचा सराव सुटला असेल आता, एक फोन करायचाय मला, आणि तो तुझ्यासमोर नाय करायचा. जा. दार ओढून घे.