शोभाबाईंच्या दारातली रांगोळी

"शोभाबाई रोज सकाळी दारात कसलंतरी यंत्र काढून कुणाला तरी बोलावून राहिल्यात..." एवढंच नळावर माझ्या कानावर पडलं, अन् मला बघून बाया गप झाल्या.

आता मला चैन पडते का? चहापत्ती मागायच्या निमित्तानं गेलेच. उंबऱ्याशी रांगोळीचा एक गोल अन् त्याला लागून उभ्या-आडव्या रेघा. ना फूल, ना स्वस्तिक.

"हे काय वो, शोभाबाई?"

"कोरियाची अक्षरं हायत, वैनी. पोरगी-जावई तिकडंच ऱ्हातेत. नातीला मराठी येत न्हाई. ती शाळंत अक्षरं शिकून राहिली, म्हणून मी बी मोबाईलवर बघून गिरवते."

"अन् हा गोल?"

"असा पहिला आला की त्याला आवाजच नसतो. नुसता जागा धरून बसतो."

"तुमच्यासारखा!" मी हसले. त्या हसल्या न्हाईत.

तेवढ्यात पोरीचा रविवारचा व्हिडिओ कॉल आला. शोभाबाईंनी मोबाईल रांगोळीवर धरला. नातीनं ते मोठ्यानं वाचलं. शोभाबाईंनी तसंच म्हणून बघितलं. नात खुदकन हसली अन् तिनं शिकवणीच्या बाईसारखं पुन्हा म्हणून दाखवलं. मग फोन बंद झाला.

"काय लिहिलं होतं?"

"'ये' असं," रांगोळीचा डबा झाकत त्या म्हणाल्या. "सध्या तेवढंच जमतं."

संध्याकाळी मी नळावर सांगून टाकलं, "यंत्रबिंत्र काही न्हाई गं. बोलावून राहिल्यात, ते मात्र खरं हाय."