दत्ताभाऊंचा न उघडलेला रिपोर्ट

मंदावहिनी, सोसायटीतली सगळी मंडळी, आणि महाळुंग्याहून शिफ्ट संपवून थेट इथे आलेले आमचे कंपनीवाले भाऊ. मला बोलायला अवघड जातंय. कारण दत्ताभाऊंना निरोप द्यायला मी दुसऱ्यांदा उभा आहे. पहिला निरोप आठ वर्षांपूर्वी दिला, तेव्हा ते समोर खुर्चीवर बसून ऐकत होते आणि माझ्या तारखा दुरुस्त करत होते.

नव्या लोकांना सांगतो. आम्ही एकाच कंपनीत. मी मशीनवर, ते क्वालिटीला. त्यांच्या मानेला गाठ आली. एका खासगी हॉस्पिटलात डॉक्टरांनी स्कॅन पाहिला, गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, आणि रिपोर्ट बघायच्या आधीच सांगून टाकलं, कॅन्सर आहे, पसरलाय, थोडे महिने. केमो सुरू.

आता जायचंच म्हटल्यावर दत्ताभाऊ खरं बोलायला लागले. चेअरमनसाहेब, तुम्ही हसताय, पण तुम्हाला आठवतंय. गणपतीत तुमचं गाणं सुरू झालं की आपण पाण्याची मोटर बघायला का जातो, हे त्यांनी तुमच्या घरी येऊन सांगितलं. स्कूटर मेहुण्याला दिली. कंपनीत राजीनामा दिला. निरोप समारंभात मी रडलो, सगळे रडले.

दोन डोस झाले. केस गेले, भुवया गेल्या, पँट कमरेवर राहीना. वहिनींना राहवलं नाही. त्या सगळे कागद घेऊन दुसऱ्या हॉस्पिटलात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तुकड्याचा रिपोर्ट कुठाय? फाइलमध्येच होता. पाकीट चिकटवलेलं, तसंच. पहिल्या डोसच्या आधी आलेलं. आत लिहिलं होतं, कॅन्सर नाही, टीबी.

सहा महिने गोळ्या घेतल्या आणि माणूस बरा झाला. आनंद झाला का? झालाच. पण राव, खरं बोलून बसलेल्या माणसाला त्याच लिफ्टमधून चेअरमनबरोबर रोज खाली उतरावं लागतं. मेहुण्याकडे स्कूटर मागायची कशी? मेला नाही म्हणून परत दे, असं म्हणायचं? दत्ताभाऊ शेवटपर्यंत पीएमटीच्या बसने फिरले.

आम्ही कंपनीतली पोरं म्हणालो, चला, हॉस्पिटलच्या काचा फोडू. ते म्हणाले नाही, आधी वकिलाला विचारू. पिंपरीच्या एका वकीलताईंनी नीट समजावलं. डॉक्टर चुकला म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असं नसतं. कुठल्याही साध्या काळजी घेणाऱ्या डॉक्टरने जे केलं असतं ते यांनी केलं नाही, हे दाखवावं लागतं. पोलिसात जाता येतं, पण तिथे फार मोठा हलगर्जीपणा लागतो, आणि आधी डॉक्टरांच्या समितीचं मत. मेडिकल कौन्सिलकडे जाता येतं, ते परवान्यावर कारवाई करतात, भरपाई देत नाहीत. आणि ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत जायचं, स्वतःही बाजू मांडता येते. दत्ताभाऊंनी आयोग धरला.

ताईंनी आधी पूर्ण फाइलची प्रत लेखी मागायला लावली. मागितली की तीन दिवसांत द्यावी लागते म्हणे. मग दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत हवं. तोंडी सगळे म्हणायचे, हो हो, चूकच आहे. कागद पुढे केला की त्यांना पेशंट आठवायचे. शेवटी चिंचवडच्या एका निवृत्त डॉक्टरीणबाईंनी दीड पान लिहून खाली सही केली.

मग चार वर्षं तारखा. मी हाफ डे टाकून बरोबर जायचो. एकदा समोरचा वकील आजारी, एकदा आमच्या ताई दुसऱ्या कोर्टात, एकदा तर आयोगातच माणूस नेमलेला नाही. शेवटी सुनावणी झाली. हॉस्पिटलचे वकील म्हणाले, तक्रारदार ठणठणीत आहेत, केससुद्धा आलेत, नुकसान कुठाय? खरं सांगतो, केस आधीपेक्षा दाट आले होते. आमच्या केसची तीच कमजोर बाजू होती.

दत्ताभाऊ उठले. म्हणाले, "साहेब, माझ्या बायकोने मी जिवंत असताना दोन महिने माझं सुतक पाळलं. केस उगवले. ते दिवस उगवणार नाहीत."



निकाल आमच्या बाजूने लागला. हॉस्पिटल वर अपिलात गेलं, मग तडजोडीला आलं. दत्ताभाऊंनी एकच अट जास्तीची घातली. त्या पहिल्या डॉक्टरांनी घरी येऊन, काय चुकलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. डॉक्टर आले. मीही होतो. म्हणाले, "मी पाकीट उघडलंच नाही. मला खात्री होती."

दत्ताभाऊ म्हणाले, "खात्री तर मलाही होती, डॉक्टर. मी सगळ्यांचा निरोप घेऊन बसलो होतो."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी उठून पोहे करायला गेल्या. काय बोलावं ते कुणालाच सुचत नव्हतं, म्हणून आम्ही सगळ्यांनी दोन-दोन प्लेटी खाल्ल्या.

गेल्या सोमवारी दुपारी जेवून पडले, ते उठले नाहीत. हृदय बंद पडलं. या खेपेला कुणाचीही चूक नव्हती.

मगाशी दोघा-तिघांनी माझ्या कानात विचारलं, मागे दाराशी ते डॉक्टर कसे काय? वहिनींनी स्वतः फोन करून बोलावलंय. मी त्यांना कारण विचारलं. म्हणाल्या, "चुका सगळेच करतात, बबनभाऊ. घरी येऊन कबूल करणारे हे एकटेच."

डॉक्टर, दाराशी उभे राहू नका. पुढे या, इथे वहिनींच्या बाजूला जागा आहे. या. मंडळी, आता सगळे उठूया, आणि दत्ताभाऊंसाठी एक मिनिट गप्प राहूया.