वेरूळची पार्टी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपले मालक आदरणीय आप्पासाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती युसूफभाई, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या हसीनाभाभी, आणि जेवणाच्या वासानं मागच्या दाराकडं माना वळवून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना मनापासून नमस्कार.

विक्री विभागाची प्रमुख म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनात आटोपणार नाही, आधीच सांगून ठेवते.

आपल्या पापडाच्या मशिनी युसूफभाईंनी कुठं कुठं पोचवल्या, ते आप्पासाहेब सांगतीलच. मला न विकलेल्या एका मशीनबद्दल बोलायचंय.

आपली सोमवारची मीटिंग तुम्हाला ठाऊक आहे. कोणती पार्टी गरम, कोणती कोमट, कोणती थंड, ते कॉम्प्युटरवर बघायचं आणि थंड पडलेली काढून टाकायची. त्या बाबतीत मी कडक आहे. कोण हसलं मागं? सुदर्शन, तुझं नंतर बघते! तर युसूफभाईंकडं वेरूळची एक पार्टी वर्षानुवर्षं थंड. नाव गोकुळ. महाशिवरात्रीच्या यात्रेत हा गडी आपल्या स्टॉलवर आला, मशीन चालवून बघितली, नंबर आईचा दिला. पुढं काहीच नाही. मी म्हणायची, "युसूफभाई, काढा हो ते नाव. एखादवेळेस दगडाला पाझर फुटेल, ही पार्टी हलायची नाही." ते हसायचे. "मॅडम, पूछने में क्या जाता है?"

आता माणूस निवृत्त झाला की त्याच्या पार्ट्या वाटून द्याव्या लागतात. बाकीच्यांवर तुम्ही सगळे तुटून पडलात. वेरूळ मात्र कुणी घेईना. म्हटलं, आपणच फोन करून हो का नाही ते विचारून टाकावं. युसूफभाईंनी एवढंच बजावलं, "पहले गोकुळ को पूछना. मशीनचं नंतर." ही त्यांची कायमची पद्धत. चौकशी ज्यानं केली, त्याला आधी नावानं विचारायचं.

विचारलं. "गोकुळ आहेत का?"

पलीकडं बाई एकदम खुलल्या. "बाहेर गेलाय, बाई. आला की सांगते. तुमी कंपनीच्या ना? युसूफभाई बरे हायेत ना?"

त्या सरूबाई, गोकुळची आई. मी कामाचं काढलं, तर सगळी हकिकत त्यांनीच सांगितली. पापड लाटणं हे काय गड्याचं काम आहे का, म्हणून बापलेकाचं कडाक्याचं भांडण झालं. गोकुळ रागानं घराबाहेर पडला तो पडलाच. कुठं आहे, कसा आहे, काही पत्ता नाही. पुढं बापही वारला.

"गावात त्याचं नाव कुनी काढत नाय आता," सरूबाई म्हणाल्या. "काढलं तर मी रडीन, असं वाटतं लोकान्ला. तुमचा फोन तेवढा येतो. गोकुळ हाय का, म्हनून विचारता. तेवढ्यापुरतं लई बरं वाटतं बघा. पोरगं इथंच कुठंतरी गेलंय, यील चहाच्या वक्ताला."

आता सांगा, हो का नाही ते विचारू कशी मी? थंड पार्टी म्हणे! अहो, इतकी वाट बघणारं माणूस आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांत दुसरं आहे का?

युसूफभाई, तुम्ही हे कधी कुणाला बोलला नाहीत. तुमच्याशिवायचा सोमवार मला आत्तापासूनच नकोसा झालाय. भाभी, तुम्हाला ते आता दिवसभर घरी मिळतील. तुमची मजा आहे!

व्यासपीठावरची ही खुर्ची रिकामी का, असं आप्पासाहेबांनी मघाशी विचारलं. ती सरूबाईंसाठी होती. गाडी पाठवते म्हटल्यावर त्या हरखून गेल्या होत्या. साडी कोणती नेसू, तेही मलाच विचारलं. आज सकाळी त्यांचा फोन आला. "नाय जमायचं, बाई. मी तिकडं आले अन् तो इकडं आला तर? दाराला कुलूप बघून माघारी जाईल लेकरू."

तेव्हा ती खुर्ची तशीच राहू द्या. संयोजकांचे आभार, शांतपणे ऐकलंत म्हणून तुमचेही आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. वेरूळची पार्टी मी घेतलीय.