परतीची वायर

मिस्तरी : चौथा बल्ब आणू नका, साहेब. तीन बदललेत ना? त्या बिचाऱ्यांचा काय गुन्हा होता?

साहेब : सदोष असणार. विद्युतप्रवाह बॅटरीतून निघतो, फ्यूजमधून रिलेपर्यंत येतो. चालकानं बटण दाबलं की रिले मार्ग खुला करतो आणि प्रवाह बल्बपर्यंत पोहोचतो. सगळे टप्पे मी तपासलेत. उरला बल्ब.

मिस्तरी : वा! अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं.

बायको : लिहिल्यासारखं काय, ह्यांनीच तर—

साहेब : तू जरा गाडीत बसतेस का?

बायको : नको. काल बोगद्यात बसले होते, तेवढं पुरे. उजवा दिवा मिणमिणता. समोरचा ट्रकवाला स्कूटर समजून अंगावर आला. आणि हे मला रिले समजावतायत.

मिस्तरी : बघा हं वहिनी. ही साधी मोकळी वायर. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं बल्बच्या मागच्या ह्या काळ्या वायरीला. आता भिंतीकडे बघा.

बायको : अगं बाई! लख्ख!

मिस्तरी : म्हणजे बल्ब धडधाकट. वीज येतेय, पण तिला परत जायला वाट नको? ही काळी वायर बॉडीला बोल्टनं कसलीय, तिथून बॉडीतूनच ती बॅटरीत परत जाते. बोल्टाखाली गंज चढलाय. पॉलिश पेपरनं घासतो, झालं.

साहेब : अर्थिंग. ते... गृहीतच असतं.

मिस्तरी : गृहीत धरलं की तिथंच गंज चढतो.

बायको : हे मला लिहून द्या. घरी लावते.

मिस्तरी : मी लावलंय की. ते बघा, कॅलेंडरशेजारी. आमच्या मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकाचं पान. हेडलाइटची आकृती. बल्बपर्यंत वायर आणलीय झोकात, पुढं काहीच नाही. पाहुण्याला दारापर्यंत आणलं आणि कडी लावून घेतली. ती परतीची पेन्सिलची रेघ माझी.

बायको : हे पान तर—

साहेब : अगं, थांब.

मिस्तरी : तीच रेघ परीक्षेत काढली होती. तपासणारा पुस्तक उघडून बसलेला. 'जादा रेघ' असा शेरा मारून पाचही गुण कापले. मी चार गुणांनी नापास. बस डेपोच्या वर्कशॉपमधली भरती त्याच वर्षी होती. पुन्हा झाली नाही. तेव्हा रक्त गरम, लेखकाला पत्रच टाकलं.

बायको : उत्तर आलं?

मिस्तरी : मोठी माणसं. कामात असतील.

बायको : पाकिटावर छोटासा बल्ब काढलेला होता का हो?

मिस्तरी : होता. तुम्हाला काय माहीत?

बायको : आमच्या कपाटाच्या खालच्या खणात आहे. मला सांगितलं होतं, कुणा माथेफिरूचं आहे.

(मिस्तरीच्या हातातला पॉलिश पेपर थांबतो.)

साहेब : पुस्तक माझं आहे.

मिस्तरी : ...एवढं घासून होऊ द्या.

साहेब : पत्र वाचलं त्याच दिवशी कळलं होतं, तुम्ही बरोबर आहात. दुसरी आवृत्ती छापायला गेली होती. म्हटलं, तिसरीत दुरुस्त करू. तिसरीच्या वेळी म्हटलं, आता केली तर लोक विचारतील, आधी काय केलं.

मिस्तरी : सध्या कितवी?

साहेब : नववी.

मिस्तरी : बरोबर. माझ्या मुलीकडे नववीच आहे.

बायको : ती पण हेच शिकते?

मिस्तरी : हो. उद्या पेपर. काल विचारत होती, बाबा, रेघ काढू का नको? म्हटलं, पेपरात पुस्तकातलं काढ, गाडीत खरं जोड. वीस वर्षं त्या पानाकडे बघून बडबडणारा मी, पोरीला खोटंच शिकवलं. सकाळपासून तिच्या नजरेला नजर देत नाहीये.

साहेब : ती शरम तुमची नाही हो. तपासणाऱ्यांना नमुना उत्तरं मीच करून देतो. आत्ता परीक्षा मंडळात जातो, बदलून देतो. तिला सांगा, रेघ काढ.

मिस्तरी : ऐकायची नाही. तिच्या लेखी बापापेक्षा छापलेलं खरं.

साहेब : मग काय करू?

मिस्तरी : पान उतरवतो. माझ्या रेघेशेजारी लिहा, ही रेघ हवी म्हणून. खाली सही करा. संध्याकाळी तिला दाखवतो. ही घ्या पेन्सिल.

साहेब : पेननं करतो.

बायको : नाव पूर्ण लिहा हं. कव्हरवर असतं तसं, पदव्यांसकट.