स्वच्छ परत आलेलं ताट

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या रुग्णालयाचे संचालक साहेब. मंचावरचे मोठे डॉक्टर. दोन लाख लोकांना फोनवरून काय खावं ते सांगणारे प्रमुख पाहुणे. जिला आज आपण निरोप देतोय ती आपली आहारताई. आणि समोर बसलेल्या नर्स, सफाईवाले, स्वयंपाकघरातली माझी मंडळी, जी चहा भाषणांनंतर आहे म्हणून अजून उठलेली नाही, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलीत. आहारताईला एका पेशंटमागे चारच मिळायची, तेव्हा माझी चैनच आहे म्हणायची.

प्रमुख पाहुणे मघाशी म्हणाले की आहारशास्त्र काही अवघड नाही, ते सहा आठवड्यांत शिकले. हुशार माणूस. आमच्या ताईला सहा वर्षं लागली. तिच्याकडे विकायला पावडर नव्हती, म्हणून लांबलं असेल. हसू नका, पाहुणे आहेत. पण मला एक सांगा, दातांच्या डॉक्टरच्या निरोपाला कोणी चॉकलेटवाल्याला खुर्चीवर बसवतं का? असो. बसलेत तर बसू द्या.

तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल, मी या रुग्णालयात आधी स्वयंपाकाला आले नाही. आधी आमचे हे आले, अकरा वर्षांपूर्वी, पोटाच्या ऑपरेशनला. मी पलंगाशेजारी स्टुलावर. पहिल्या दिवशी यांनी अर्धं जेवण टाकलं, तर नर्सबाई यांना वर्गात उभं केल्यासारखं बोलल्या. दुसऱ्या दिवशी हे मला हळूच म्हणाले, "तू खा गं. उरलं की ती बोलते." मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, अन्न टाकायचं नाही एवढं पक्कं पाठ. मी खाल्लं. चार दिवस नवऱ्याचं ताट पुसून खाल्लं. खोटं कशाला बोलू, जेवण बरं होतं.

आता आहारताईची एक खोड. दुपारी दोन वाजता ती भांडी घासायच्या ओट्यापाशी उभी राहायची. हातात वही. वरून आलेलं एकेक ताट बघायची, कोणी काय सोडलं, काय चिवडलं, काय वाटीखाली लपवलं, आणि मगच उद्याचं जेवण लिहायची. स्वयंपाकघरात तिला सगळे हसायचे. पुढे मीही हसले. पण आमच्या वेळी एके दिवशी ती आमचं चकचकीत ताट बघून वर आली. यांच्या वजनाचा कागद वाचला आणि माझ्याकडे वळली.

"काकू, यांचं वजन चार दिवसांत दोन किलो उतरलं. तुमचं किती वाढलं?"

मी हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. तिनं यांना तोंड उघडायला लावलं. आजारपणात हिरड्या बसल्या होत्या, कवळी सैल होऊन आत जखमा झाल्या होत्या. घास घेतला की जीव जायचा. लाजेनं माणूस बोलला नव्हता. पोटाच्या डॉक्टरांनी पोट बघितलं, रक्ताच्या डॉक्टरांनी रक्त. तोंड कोणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. साहेब, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, तेव्हा तुम्ही इथे नव्हता.

तिनं सगळं मऊ करून, वाटून द्यायला लावलं. त्यानंतर हे तीन वर्षं जगले, आणि तिन्ही वर्षं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत पोटभर जेवले. हे गेल्यावर ताईनंच मला इथे लावलं. पेशंटचं जेवण चोरून खाणाऱ्या बाईला स्वयंपाकघर सोपवायला केवढी छाती लागते.

पत्रिकेवर छापलंय, ताई 'वैयक्तिक कारणामुळे' जातेय. दोनशे पलंगांना एकटी होती, अजून एक माणूस द्या म्हणून तिनं चारदा लिहून दिलं. माणूस आला नाही, टॅब आला. वॉर्डात रिकाम्या ताटाचा फोटो काढायचा. ताट स्वच्छ असलं की टॅबवर हिरवी खूण, पेशंट जेवला. ताईनं लांब एका खोलीत बसून तीन रुग्णालयांच्या तक्त्यांवर सही करायची. ती म्हणाली, न बघितलेल्या ताटाखाली मी सही करणार नाही. हे वैयक्तिक कारण.

बाहेर भिंतीवर मागच्या महिन्याचा तक्ता लागलाय. सत्त्याण्णव टक्के ताटं स्वच्छ. मोठ्या डॉक्टरांनी मघाशी त्यावर टाळ्या घेतल्या. मीही वाजवल्या, शेजारचे बघत होते.

पण सवय लागली ती लागलीच. ताई रजेवर असली की ओट्यापाशी मी उभी राहते. नऊ नंबरला एक आजी आहेत, सोबत त्यांची सून. तीन दिवस नऊ नंबरचं ताट पुसल्यासारखं येतंय. ऐंशीच्या घरातली बाई, ऑपरेशन होऊन आठवडा नाही झाला, आणि तिला एक शीतही जड जात नाही? परवा मी वॉर्डात विचारलं, तर हिरवी खूण दाखवली. काल ऑफिसात सांगितलं, तर म्हणाले, मावशी, तुम्ही चुलीकडे बघा. ताई सुट्टीवर होती, आजच आली, तीही थेट या खुर्चीत. आज दुपारचं ताट मी घासू दिलेलं नाही. तसंच झाकून ठेवलंय.

तुम्ही तिला फुलं द्याल, फोटो काढाल. काढा. पण साहेब, तिच्या नोकरी सोडायच्या पत्रात तिची नोकरी आज पाचपर्यंत आहे, आणि भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी आहेत. म्हणजे अजून तासभर तरी या रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. उद्या कोण आहे ते तुम्ही ठरवा, आणि ठरवताना एकदा दोन वाजता खाली येऊन ओट्यापाशी उभे राहा.

मला बोलायला उभं केलंत, ऐकून घेतलंत, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. कोणाला तिखट लागलं असेल तर स्वयंपाकिणीचा हात समजून पोटात घाला. आणि सत्कारमूर्तीला सत्काराआधीच घेऊन चालले, त्याचीही माफी मागते.

ऊठ ताई. वही घे. नऊ नंबर.