कानेलोच्या वड्या

कामाग्वेच्या इस्पितळात, मुरगळलेला पाय पुढे करून बसलेली ओदालिस शेजारच्या मायलेकींचं बोलणं कान टवकारून ऐकत होती.

"आई, कुत्र्याच्या आठवड्याच्या वड्या एकदम कशाला करून ठेवायच्या?"

"पेरूच्या वडीत लपवल्याशिवाय कानेलो फिटची गोळी खात नाही."

"आणि बाबांना गोड बंद."

"म्हणून तर डबा लपवला होता. तरी रोज एखादी वडी कमीच. विचारलं की हे म्हणायचे, कुत्र्याने खाल्ली."

"तरीच बाबा हल्ली दुपारभर घोरत होते."

"मला वाटलं, वय झालं. परवा मात्र सगळा डबा फस्त. आधी जीभ जड झाली, मग हलवलं तरी डोळा उघडेना. श्वास तर लागतच नव्हता हाताला."

"डॉक्टर म्हणाले ना, यावर उतारा नाही. नळीने श्वास चालू ठेवायचा, पोटात कोळशाची पूड घालायची आणि गुंगी उतरायची वाट बघायची."

"उतरू दे बाई. मग मी बघते त्यांच्याकडे."

तेवढ्यात नर्स बाहेर आली.

"आजोबांची नळी काढली. शुद्धीवर आहेत. तोंड कोळशाने काळं झालंय, घाबरू नका."

"काही बोलले का?"

"गोळ्यांच्या वड्या तुम्हीच खाल्ल्या ना, असं डॉक्टरांनी विचारलं. म्हणाले, कुत्र्याने खाल्ल्या."