सगळ्यांना चालणारी फाइल

घर्र… टक्… घर्र… टक्… जुन्या पेटीत फ्लॉपी घातली की असा आवाज यायचा, घशात हाड अडकलेल्या कुत्र्यासारखा, आणि तुम्हाला सांगतो, वर्षं लोटली त्याला, पण क्लेम पॅस्कोला तो आवाज अजून गोड वाटतो, कारण ती पेटी मरायला टेकली आणि मग जे सुरू झालं त्याला काय म्हणायचं? प्रगती म्हणे. प्रगती कसली डोंबलाची.

पेटी म्हणजे सिक्वेन्सर हो. क्लेमनं कीबोर्डवर एकदा गाणं वाजवून ठेवायचं, ढोल, बास, तुताऱ्या, सगळं एकट्यानं, की दर रविवारी दुपारी ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केंब्लाच्या क्लबात ती पेटी आख्खा बँड होऊन वाजणार आणि त्याची बायको नोरीन पुढं उभी राहून गाणार. क्लेम पोलादाच्या कारखान्यातून कधीच निवृत्त झाला होता, नोरीन मात्र त्या शब्दाचं नाव काढू देत नव्हती. सत्तरीला टेकली तरी माईकवर सांगायची, "मंडळी, पट्टी एक सूतभर खाली आलेली नाही माझी. आमच्या बेरिलचं तसं नाही, ती दरवर्षी एक पायरी उतरते, आता तळघरात पोचली असेल." आणि कधीमधी तिथंच गाणारी, एरवी मटणाचं बक्षीस असलेल्या सोडतीची तिकिटं विकत फिरणारी बेरिल तिथूनच म्हणायची, "असू दे गं बाई, तळघरात गारवा असतो."

आता खरी गोष्ट अशी, की नोरीनचीही पट्टी उतरत होती. तिला माहीत नव्हतं, क्लेमला होतं. पेटीवर एक बटण होतं, दाबलं की ते गाणं अर्धा सूर खाली. ज्या वर्षी तिचा गळा वरच्या सुराला लटपटला त्या वर्षी क्लेमनं प्रत्येक गाण्याला ते गुपचूप एकदा दाबून ठेवलं. पुढं केव्हातरी आणखी एकदा. मग तिसऱ्यांदा. पेटी ते लक्षात ठेवायची, म्हणून क्लेमनं लक्षात ठेवायचं सोडून दिलं. बायको खूश, क्लब खूश, कुणाच्या बापाचं काय गेलं?

तर नवी पेटी घ्यायला तो शेजारच्या शहरात, वुलनगाँगला गेला. दुकानात डॅरेल नावाचा एक गृहस्थ, केस असे चोपडलेले की माशी बसली तर घसरून पाय मोडेल. तो म्हणतो, "आजोबा, काळजी सोडा. जुन्या पेटीतून गाणी फाइल करून काढायची, नव्या पेटीत घालायची. ही फाइल सगळ्यांना चालते."

सगळ्यांना चालते. माणसं बोलताना स्वतःचं ऐकतात तरी का हो? सगळ्या पायांना चालणारा बूट कुणाच्या पायाला बसलाय आजवर? सगळ्यांना चालणारं जेवण विमानात देतात, ते कुणी मागून खाल्लंय?

घरी येऊन क्लेमनं पहिलं गाणं लावलं, छान संथ वॉल्ट्झ, आणि व्हायोलिनच्या जागी निघालं हेलिकॉप्टर. स्वयंपाकघरातून नोरीन म्हणाली, "क्लेम, कुणाला न्यायला आलं रे ते?" क्लेमनं घाईघाईनं पेटीला हेडफोन जोडले आणि डॅरेलला फोन केला. तर तो काय म्हणतो, "आजोबा, फाइलमधे आवाज नसतोच मुळी. नुसता नंबर असतो. तुमच्या पेटीत एकशे सव्वीस नंबरला व्हायोलिन होतं, हिच्यात हेलिकॉप्टर आहे."

"मग सगळ्यांना चालते कशी म्हणालात?"

"चालतेय की. वाजलं ना?"

बघा. असल्या माणसाला पगार मिळतो.

मग क्लेम आठवडाभर हेलिकॉप्टरं हाकलत बसला. एका गाण्यात फोन वाजत होता, एकात टाळ्या, एका प्रार्थनेत तर दर कडव्याला बंदुकीचा बार. एकेक नंबर शोधून त्यानं सगळे आवाज जागेवर बसवले. पण पट्टी? पेटी एकटी वाजत असली की पट्टी कुणाच्या लक्षात येते? त्याला गळा लागतो. आणि तालीम करायचं त्यानं सुचवलं तर नोरीन म्हणाली, "त्याच गाण्यांची तालीम? मी काय बेरिल आहे?"

आणि रविवारी तिनं गायला सुरुवात केली. पहिलं कडवं कसंबसं निभलं. ध्रुवपद आलं, तिनं वरच्या सुराला हात घातला आणि गळ्यातून जे निघालं ते… जाऊ द्या. म्हाताऱ्यांचे बिअरचे ग्लास तोंडाशीच थांबले. तेव्हा क्लेमला आठवलं. फाइलमधे सूर आले होते, त्यानं तरुणपणच्या नोरीनसाठी वाजवलेले, तेवढेच. बटण आलंच नव्हतं. सगळ्यांना चालते म्हणे.

विचार करायला वेळ कुठला? त्याचं बोट नव्या पेटीच्या बटणावर गेलं, टक टक टक, आणि भर ध्रुवपदात ते गाणं जिना उतरल्यासारखं तीन पायऱ्या खाली आलं. आख्ख्या क्लबानं ऐकलं. आणि तिथं, तुम्हाला सांगतो, ते नोरीनच्या गळ्यात असं बसलं की पुढचं कडवं ती मधासारखी गायली. टाळ्या पडल्या. बेरिल टोमणा मारेल म्हणून सगळे तिच्याकडं बघत होते, तर ती मान खाली घालून तिकिटं सारखी करत बसली, आणि ते जास्त वाईट.

नोरीननं माईक छातीशी दाबून धरला. "एकदम तीन?" ती हळूच म्हणाली. "चाचपडलासुद्धा नाहीस."

"अगं, अंदाजानं…" क्लेम म्हणाला. "फाइल… सगळ्यांना चालते म्हणाला तो…"

एवढ्यात त्या शहाण्या पेटीनं आपणहून दुसरं गाणं सुरू केलं, पुन्हा वरच्याच पट्टीत. क्लेमचं बोट बटणाकडं गेलं आणि तिथंच अधांतरी थांबलं. दाबलं तरी अपमान, नाही दाबलं तरी अपमान, आणि ह्याला कुठली फाइल चालते ते विचारायला डॅरेल तिथं नव्हता. नोरीननं त्या बोटाकडं बघितलं. माईक स्टँडला लावला, पर्स उचलली आणि क्लबातल्या जुगाराच्या मशिनांमधून वाट काढत दाराकडं चालू लागली.